"फक्त माथा सपाट करून द्या": एका जुन्या ऐरणीचं प्रकरण

ऐरण माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर हिरव्या ऑइलपेंटचे निदान तीन थर होते. माथा मधोमध खोलगट, कडांचे टवके उडालेले, शिंगाचं, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागाचं, टोक बोथट, मागच्या बाहेर आलेल्या शेपटीकडे ड्रिलने पाडलेलं एक भोक. ती नव्याने विकत घेतलेल्या मालकांनी मिलिंग मशीनवर माथा पाच मिलिमीटर उतरवून घ्यायचं जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. माझ्याकडे ते एवढंच विचारायला आले होते की ऐरण खरंच 'पीटर राइट'ची आहे का. विकणाऱ्याने त्यांना तसं सांगितलं होतं, आणि इंग्लंडमधल्या डडलीचा हा एकोणिसाव्या शतकातला कारखाना म्हणजे जुन्या ऐरणींच्या जगातलं मानाचं पान.

"नाव सांगा, आणि मग माथा सपाट करून द्या, बाकी काही नको," असं ते म्हणाले. नाव मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही आणि माथाही मी सपाट केला नाही. तरी हे प्रकरण लिहून ठेवतोय, कारण ऐरण वाचायची कशी आणि वाचल्यावर तिला किती कमी हात लावायचा, हे दोन्ही त्यात आलं.

आधी माझी चूक सांगतो. गाडीतच हातोडीने माथ्यावर टक् करून पाहिलं, आवाज आला ठप्प, आणि मी सांगून मोकळा झालो, "बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची दिसते." ठोकताळा तसा खरा आहे. घडीव लोखंडाची किंवा पोलादाची ऐरण घंटेसारखी वाजते, बीडाची मुकी असते. पण याच ठोकताळ्यात दोन खोड्या आहेत. एक म्हणजे मुकी ऐरण वाईटच असते असं नाही. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या 'फिशर अँड नॉरिस'च्या ऐरणी बीडाचं अंग आणि वर पोलादी माथा अशाच घडणीच्या, आवाजाला जवळजवळ मुक्या आणि कामाला उत्तम असत. त्यांच्या अंगावर उठावाचा गरुड असतो, त्यामुळे त्या लगेच ओळखू येतात. दुसरी खोडी अशी की ऐरण कशावर ठेवली आहे ते पाहिल्याशिवाय आवाजावरून काहीच बोलू नये. ही ऐरण गाडीत टायरच्या तुकड्यांवर बसलेली होती, वर रंगाची गोधडी. दुसऱ्या दिवशी तीच कडक लाकडाच्या ओंडक्यावर ठेवली आणि शिंगाच्या बाजूला ठोकलं तर खणखणीत वाजली. मालकांना फोन करून शब्द मागे घेतले.

मात्र शेपटीकडे सरकत गेलो तसा तो आवाज बदलायला लागला. मधोमध स्वच्छ, अवजारं बसवायच्या चौकोनी भोकापाशी जरा दबलेला, आणि शेपटीच्या डाव्या कोपऱ्यात चक्क खरखर, फुटक्या भांड्यासारखी. हे मी तेव्हा नुसतं वहीत टिपून ठेवलं.

रंग काढायला मी वेळ घेतला. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासायचा नाही, त्याची धूळ पोटात जाते. रंग मऊ करणारं जेल लावलं, दोन तास थांबलो आणि ओलं असतानाच बोथट पत्रीने खरवडलं. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून हेच काम अर्ध्या तासात झालं असतं, पण छाप पुसट असेल तर त्याच अर्ध्या तासात तोही गेला असता. ऐरणीवरचे छाप बहुधा छिन्नीने किंवा ठशाने आत ठोकलेले असतात. शंभर-दीडशे वर्षांच्या गंजाने त्यांची खोली कागदाएवढी उरलेली असते.

अंग उघडं झाल्यावर खोलीतला दिवा बंद केला आणि बॅटरी अंगाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश पाडला. मग खडूची पूड चोळून वरवर पुसली. नावाच्या जागी दोन-तीन उभ्या रेषा दिसल्या, त्यांतून अक्षर काढणं म्हणजे ढगात हत्ती बघण्यासारखं. पण त्याखाली तीन आकडे बऱ्यापैकी उठले: १, ०, २१. मधे ठिपके.

मालक खूश झाले. "सन १०२१ नाही ना हो?" असं हसत विचारलंही. काही लोक हा अनुक्रमांक समजतात, काही सरळ १२१ पौंड वाचतात. खरं तर ते इंग्लिश हंड्रेडवेटमधलं वजन आहे. पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा त्याच्या पावाचा म्हणजे २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे ११२ अधिक ० अधिक २१, एकूण १३३ पौंड, साधारण ६०.३ किलो. काट्यावर ऐरण भरली ५९.२ किलो.

या एका वजनाने बरंच काही सुटलं. शेपूट इतकी आखूड होती की ती कधीतरी तुटली असावी आणि तुटका भाग घासून नीट केला असावा, असा मालकांना संशय होता. पण घटलेलं वजन जेमतेम ११०० ग्रॅम, म्हणजे सुमारे १४० घन सेंटिमीटर लोखंड. कडांचे टवके, ड्रिलचं भोक, तळाला खाल्लेला गंज यांत तेवढं सहज जातं. हिच्या मापाच्या ऐरणीची शेपूट आठ सेंटिमीटरने जरी तुटली असती तरी तीन-चार किलोंचा खड्डा पडला असता. म्हणजे शेपूट मुळातच आखूड होती, आणि ती खूण वयाची.

जुन्या, विशेषतः १८३० च्या आधीच्या इंग्लिश घडणीच्या ऐरणींचा बांधा असाच असतो. अंग ठोकळ्यासारखं, कंबर जाड, शिंग छोटं, शेपूट आखूड. त्यांच्या माथ्यावर एकच भोक असतं, चौकोनी, ज्यात छिन्नी वगैरे अवजारं बसवतात. नालबंदाच्या कामाचं, नालाची भोकं पाडायला लागणारं छोटं गोल भोक नंतर रूढ झालं. या ऐरणीला गोल भोक होतं खरं, पण त्याच्या आतल्या भिंतीवर ड्रिलच्या गोल रेघा स्पष्ट होत्या आणि ते मध्यरेषेपासून सरकलेलंही होतं. कोणीतरी नंतर गरजेपोटी पाडलेलं. कसं पाडलं, हा प्रश्न मला सतावत राहिला, कारण पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून पाण्याने झटकन निववून कडक केलेल्या पोलादावर साधा ड्रिल चालत नाही. कानस लावून पाहिली. माथ्याच्या मधोमध ती काचेवरून घसरावी तशी घसरली. भोकाच्या भोवती दोन बोटं जागेत मात्र चावली. म्हणजे आधी गॅसने तिथलं पाणी उतरवलं असावं आणि मग भोक पाडलं असावं.

आता पीटर राइटचं. रंग गेल्यावर पायांजवळ सांध्यांच्या रेषा दिसल्या. चारही पायांचे तुकडे वेगवेगळे घडवून भट्टीत अंगाला ठोकून जोडलेले. तळाच्या गंजावरून तारेचा हातब्रश फिरवला तर लोखंडात लाकडासारखी रेषारेषांची जाळी उमटली, ही घडीव लोखंडाची खूण. अंगावरून कानशीने थोडा कीस काढला तर तो वेटोळ्यांचा निघाला. बीड असतं तर बोटं काळी करणारी पूड पडली असती. कंबरेला आणि पायांमध्ये अंगठाभर रुंदीची चौकोनी भोकं होती, घडताना धगधगतं अंग उचलून फिरवायला त्यांत दांडे घालत. म्हणजे ऐरण घडीव, आणि तुकडे जोडून केलेली.

पीटर राइटचा १८५२ चा पेटंट नेमका उलट गोष्टीसाठी होता, अंग अनेक तुकडे न जोडता सलग घडवण्यासाठी. म्हणून त्यांच्या ऐरणींवर नावाबरोबर 'पेटंट' आणि गोलात 'सॉलिड रॉट' म्हणजे 'सलग घडीव' असा छाप येतो. पायांवर छोटी सपाट पायरीही असते. इथे ना गोल, ना पायरी, वर पायांना सांधे. ऐरण त्यांची नव्हे. बहुधा त्यांच्याहून आधीची, हंड्रेडवेट मोजणाऱ्या इंग्लिश परंपरेतली, नाव झिजलेली. मालकांचा चेहरा पडला. जुनं पण बिननावाचं, यापेक्षा थोडं नवं पण नावाचं त्यांना हवं होतं. हे मी समजू शकतो, पण उभ्या तीन रेषांवरून कारखान्याचं नाव लिहून देणं मला जमणार नव्हतं.

हे सगळं झाल्यावर प्रश्न ऐरणीवर आला, म्हणजे अक्षरशः: माथ्याचं काय करायचं?

अशा ऐरणीचं अंग मऊ घडीव लोखंडाचं असतं आणि वर पोलादाची एक पाटी भट्टीत तापवून ठोकून सांधलेली असते. मग माथा लाल करून त्यावर भरपूर पाण्याचा मारा करून पाणी देतात. कडकपणा सगळ्यात जास्त पृष्ठभागावर, आत जावं तसा कमी. रंग निघाल्यावर बाजूने पाटीची रेष दिसत होती, म्हणून स्टीलपट्टीने जाडी मोजता आली. शिंगाकडे १२ मिलिमीटर, शेपटीकडे ९. हाताने ठोकलेली पाटी, सारखी कशी असणार.

माथ्यावर सरळपट्टी ठेवली तर मधे ३ मिलिमीटरचा खोलगटपणा. आणि गंमत अशी की त्या खोलगट जागीही बाजूला दिसणारी पाटी जवळजवळ पूर्ण जाडीची होती, फक्त रेषच खाली वाकलेली. म्हणजे पाटी झिजलेली नाही. तिच्याखालचं मऊ अंग पिढ्यांच्या घणांनी दबलंय आणि पाटी त्याच्यासोबत खाली बसलीय. आता मिलिंग मशीनने हे सपाट करायचं म्हणजे मधल्या भागाला हात न लावता दोन्ही टोकं उतरवायची. कडांचे टवकेही घालवायचे म्हणून वर्कशॉपने ५ मिलिमीटर सांगितले होते. शेपटीकडे ९ मधून ५ गेले तर उरतात ४, तेही कमी कडक थरातले. मिलिंगवाल्याची यात चूक काही नाही. त्याच्यासाठी तो लोखंडाचा एक ठोकळा, आणि सपाट करा सांगितलं तर तो सपाट करणार.

त्यात शेपटीच्या कोपऱ्यातली ती खरखर. २५ मिलिमीटरचा बेअरिंगचा छर्रा २५ सेंटिमीटरवरून सोडत मी माथाभर उसळी मोजली. मधोमध छर्रा १७ सेंटिमीटर परत यायचा, शिंगाकडे जवळपास तेवढाच, चौकोनी भोकापाशी १४. डाव्या कोपऱ्यात ८. चांगल्या माथ्यावर दोन-तृतीयांशाच्या वर उसळी यावी, इथे एक-तृतीयांशही नव्हती. (छर्रा सोडताना चष्मा घाला. मी घातला नव्हता आणि एकदा तो गुडघ्यावर बसला. डोळा असता तर हे प्रकरण वेगळं झालं असतं.)

मग फट शोधली. कोपऱ्याची बाजू स्वच्छ करून पातळ तेल लावलं, तासाभराने कोरडं पुसून घेतलं आणि वर खडूची पूड फुंकली. पुडीवर हळूहळू एक ओली रेष उमटली, नेमकी पाटी आणि अंगाच्या सांध्यात, चार बोटं लांब. फीलर गेजची, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांतली, ०.१ मिलिमीटरची पात तिच्यात १५ मिलिमीटर आत गेली. सांधा सुटला होता. गॅसची उष्णता, शेपटीवर घातलेले घण, की मूळचाच कच्चा सांधा, हे आता कोण सांगणार.

मालकांना बोलावून हे सगळं दाखवलं. ते लगेच म्हणाले, "मग वरून वेल्डिंग मारून भरून घेऊ की."

हा उपाय नाकापेक्षा मोती जड असा आहे. पोलादी पाटीवर थंडपणी वेल्डिंग केलं तर टाक्याच्या कडेला लोखंड काचेसारखं ठिसूळ होतं आणि तिथूनच तडा जातो. ते टाळायचं तर ६० किलोंची अख्खी ऐरण साधारण २०० अंशांपर्यंत तापवून कामभर तशीच ठेवावी लागते, नंतर हळूहळू निववावी लागते. त्याच्या बरंच वर तापमान गेलं की उरलेल्या माथ्याचं पाणी उतरतं. ज्यांनी दहा ऐरणी केल्या आहेत असे कारागीर हे करतात आणि छान करतात. पण आपल्या ऐरणीचं दुखणं पृष्ठभागावर नाही, पाटीच्या खाली आहे. वरून ओतलेला टाका निवताना आकसतो आणि पाटी आणखी वर ओढतो, म्हणजे फट वाढायचीच शक्यता. टवक्यांसाठी तर वेल्डिंगची गरजच नव्हती.

बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "खोलगट माथ्यावर काम कसं करायचं?" हा खरा प्रश्न होता. मी एक वाकडा सळईचा तुकडा त्या खळग्यावर आडवा ठेवून दोन ठोक्यांत सरळ करून दाखवला. पूर्ण सपाट माथ्यावर सळई सरळ करणं जिकिरीचं, कारण ती जरा उलट वाकवल्याशिवाय सरळ होत नाही. तीन मिलिमीटरचा खळगा तिथे मदतच करतो. आणि ज्या कामाला सपाटी लागते त्यासाठी शिंगाकडचा थोडा भाग होताच. त्यावर सरळपट्टीखाली कागदही सरकत नव्हता.

पुढचं काम थोडं होतं, पण ते करायला आठवडा गेला. गंजासाठी आम्ल वापरलं नाही, सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढायच्या टाकीतही बुडवली नाही. एरवी सोड्याची टाकी उत्तम, मी स्वतः वापरतो, फक्त विजेच्या दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही आणि खोली हवेशीर ठेवायची. पण इथे फट होती. आत शिरलेलं पाणी बाहेर काढणं अवघड, आणि फटीतला गंज नुसता लोखंड खात नाही, तो फुगतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो पाचरीसारखा पाटी उचलत राहतो. तेव्हा सगळं हातब्रशने, रॉकेलने, कोरड्या फडक्याने. मग गरम हवेच्या पंख्याने कोपरा हाताला चटका बसेल इतपतच तापवला, ओल उडवली, आणि गरम असतानाच फटीवर पातळ तेल सोडत राहिलो. फट पीत गेली. पिणं थांबल्यावर तोंडाशी मेण चोपडलं.

कडांचे टवके तसेच ठेवले, फक्त त्यांच्या धारदार कडा हातदगडाने मारल्या. धार राहिली तर हातोडा घसरल्यावर तिथून कपचा उडतो, आणि तापलेल्या कामावर त्या धारेची रेघ उमटून तिथे पुढे तडा जातो. शिंगाजवळची चांगली कड ५ मिलिमीटर गोलाईची केली, मागे कमी होत नेली. ग्राइंडर मुद्दाम वापरला नाही. चाक जरा रेंगाळलं की पोलाद आधी गवती पिवळं, मग निळं होतं, आणि निळं झालं तिथलं पाणी गेलं.

माथ्यावर छिन्नीच्या दहा-बारा खुणा होत्या, त्या तशाच राहू दिल्या. मालकांना शिंग आणि माथा यांच्यामधली खालची पायरी दाखवली. ती मऊ असते, छिन्नीने कापायचं ते तिच्यावर.

बैठकीला लाकडाच्या रेषा उभ्या राहतील असा कापलेला जाड ओंडका घेतला. उंची मालकांच्या मुठीच्या उंचवट्यांशी जुळवली, म्हणजे ते सरळ उभे राहून हात सैल सोडतील तेव्हा मूठ माथ्याला टेकावी. ऐरणीचा तळ मधे पोकळ असल्याने ती किंचित डुलत होती. खाली सिलिकॉनचा जाड थर दिला आणि लोखंडी पट्ट्यांनी पाय बांधले. डुलणं थांबलं आणि कानठळ्या बसवणारा खणखणाटही निम्म्यावर आला. उरलेल्यासाठी शेपटीखाली एक जाड लोहचुंबक चिकटवलं.

वापराबद्दल मी जे सांगितलं ते त्यांनी भिंतीवर लिहून घेतलं. शेपटीच्या डाव्या कोपऱ्यावर घण नाही. चौकोनी भोकात अवजार सैल बसेल असंच, ठोकून घट्ट बसवायचं नाही, कारण आखूड शेपटीचा तो सगळ्यात कच्चा भाग. थंड लोखंडावर किंवा रिकाम्या माथ्यावर मोठा हातोडा मारायचा नाही. कडाक्याच्या थंडीत काम सुरू करण्याआधी माथ्यावर गरम लोखंडाचा तुकडा काही वेळ ठेवायचा, कारण गारठलेलं कडक पोलाद लवकर कपचतं. काम संपलं की खवले झाडून तेलाचं फडकं. जवसाचं तेल लावणार असाल तर ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

फटीचं टोक जिथे होतं तिथे मी अंगावर बारीक ठिपका ठोकून दिला होता. दर महिन्याला तेल-खडू करून रेष ठिपक्याच्या पुढे गेली का ते पाहायचं, फीलरची पात घालून आकडा लिहायचा. सात महिने झाले. सात नोंदींपैकी सहा वेळा १५ आणि एकदा १६, तो बहुधा पात तिरकी धरल्याचा. कोपऱ्यात छर्रा अजून आठच सेंटिमीटर उसळतो.

परवा मी स्वतः जाऊन पाहिलं. माथा वापराने चकचकीत झालाय, शिंगाकडे तर आरशासारखा. आणि चारही पायांना मालकांनी पुन्हा हिरवा ऑइलपेंट फासलाय. सांध्याची रेष तेवढी मोकळी ठेवलीय, त्यामुळे मी काही बोललो नाही.